मीटर मी बघतो

"मग वाचली ना वीज?" टेकडीवरच्या मठातल्या बुवांनी विचारलं.

"वाचली," शिरीष म्हणाला. "एका महिन्यात एकशे चोवीस युनिट."

"छान झालं की. मग तोंड असं का?"

शिरीषनं मांडीवरची पिशवी नुसती सावरली.

शिरीष तांबवेकर या माणसाचा धंदाच वीज वाचवण्याचा. साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ त्याला बोलावून घेत आणि वीज कुठे वाया जाते ते तो शोधून देई. त्याचा अंदाज कधी चुकत नाही असं लोक म्हणत, आणि लोक म्हणायला विसरलेच तर तो स्वतः आठवण करून देई. अशा माणसाच्या घरचं सुट्टीतलं बिल तीनशे युनिटांच्या वर गेलं. तीनशेच्या वर दर चढतो, हे त्यानं आजवर शेकडो लोकांना समजावलं होतं. आता स्वतःच्याच घरात त्याचं नाक कापलं गेलं.

दोष शोधायला वेळ लागला नाही. तेरा वर्षांची ओवी आणि नऊ वर्षांची सई, त्याच्या दोन्ही मुली टीव्हीला गेमचा डबा जोडून दिवसदिवस गाड्या पळवत होत्या. वर एसी.

"मग काय केलंस?"

"मोजलं. प्लगला छोटा मीटर लावला. तासाला किती जाते ते काढलं. तक्ता करून फ्रिजवर चिकटवला. खेळायला बसताना आकडा लिहायचा, उठताना आकडा लिहायचा, खाली सही."

"सही?"

"शिस्त लागते, बुवा."

"लागली?"

"लागली. चार दिवसांत खेळणं बंद."

"आणि मुली?"

"शेजारी असतात. आसावरीवहिनींकडे. सकाळी जातात, जेवायला येतात, परत जातात. त्यांची आई मला काही बोलत नाही. ती नुसती तक्त्याकडे बघते."

"परवा पंखा चालू राहिला म्हणून मी बोललो. तर ओवी म्हणाली, बाबा, आम्ही घरात नसलो की पंखासुद्धा वाचतो."

"चिडून म्हणाली?"

"नाही. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं."

घर इतकं शांत झालं होतं की फ्रिजची घरघर ऐकू यायची. पोरी आपल्या हातून निघून चालल्या आहेत, असं शिरीषला वाटत होतं. पण हे बुवांना कसं सांगायचं ते त्याला कळेना. आकड्यात बसणारं दुखणं असतं तर त्यानं चटकन सांगितलं असतं.

मठात एक जुनी रीत होती. ज्याला जे सोडायचं असेल ते त्यानं सभामंडपातल्या कोनाड्यात आणून ठेवायचं आणि मागे न बघता टेकडी उतरायची. कोनाड्यात तंबाखूच्या डब्या होत्या, पत्त्यांचे कॅट होते, एका वकिलांची तपकीर होती.

शिरीष उठला. पिशवीतून त्यानं गेमचा डबा काढला. वायरी नीट गुंडाळलेल्या होत्या. तो कोनाड्याकडे निघाला.

"हा घरात नसला म्हणजे भांडणाचं मूळच गेलं," तो म्हणाला.

"थांब. यावर खेळतं कोण?"

"मुली."

"मग त्यांचं त्या आणून ठेवतील. इथं ज्याचं त्यानं ठेवायचं असतं. दुसऱ्याची तंबाखू चालायला लागली, तर गावातल्या सगळ्या बायका उद्या रांग लावतील."

शिरीष डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. "पण मला सोडण्यासारखं काही नाही, बुवा. मी सुपारीसुद्धा खात नाही."

"असं..."

बुवांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. शिरीषला ते बघणं जड गेलं. त्यानं खाली बघितलं.

"मुली कुठायत?"

"बाहेर पारावर. दर्शनाला म्हणून आणलंय."

"बोलव. आणि तो मीटर आहे का जवळ?"

मीटर शिरीषच्या खिशात होता. लोक रुमाल बाळगतात तसा तो मीटर बाळगायचा.

कुणा भक्तानं मठाला दिलेला टीव्ही चार वर्षं कापडाखाली झाकलेला होता. बुवांनी कापड ओढून काढलं, धूळ झटकली आणि समोर सतरंजी अंथरली. सई धावत आली. ओवी आली आणि सतरंजीच्या पार टोकाला बसली.

शिरीषनं मीटर लावला, त्यावर टीव्ही आणि डबा जोडला. बुवांनी कंट्रोलर हातात घेतला. तो उलटा होता, सईनं सरळ करून दिला.

"शिरीष, तू आकडा सांगत जा," बुवा म्हणाले.

पहिल्याच वळणावर बुवांची गाडी तळ्यात गेली.

"शून्य पूर्णांक शून्य एक," शिरीष म्हणाला.

गाडी पुन्हा रस्त्यावर आली. पुन्हा तळ्यात गेली.

"शून्य पूर्णांक शून्य दोन."

तिसऱ्यांदा गाडीनं तोंड फिरवलं आणि ती आली त्या वाटेनं मागे पळत सुटली. सईला हसू आवरेना.

"शून्य पूर्णांक शून्य तीन," शिरीष म्हणाला.

सईचं हसू थांबलं.

शिरीषला ते दिसलं. आजवर किती वेळा असं झालं असेल आणि आपण आकड्याकडे बघत राहिलो असू, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

बुवांनी कंट्रोलर त्याच्यापुढे धरला. "माझे हात कापतात. तू धर. मीटर मी बघतो."

"मला नाही येत, बुवा."

"बारा वर्षं येतोयस इथं. हे वाक्य आज पहिल्यांदा ऐकलं. बस."

शिरीष बसला. कारखान्यांतली वीजगळती हुडकणाऱ्या माणसाला इथं डावं कुठलं आणि उजवं कुठलं ते कळेना. गाडी तळ्यात. परत तळ्यात. सई सरकत सरकत त्याच्या खांद्याला येऊन टेकली. पण ती काही सांगेना. सांगण्याचा मान थोरलीचा होता, आणि थोरली खिडकीबाहेर बघत होती.

गाडी चौथ्यांदा पाण्यात पडली.

"आधी वेग कमी करा," ओवी खिडकीकडे बघतच म्हणाली. "मग वळा."

शिरीषनं वेग कमी केला. वळला. वळताना गाडीबरोबर तो स्वतःही अख्खा कलला.

"आता सोडा सुसाट."

त्यानं सोडली. पूल आला, पूल गेला. ओवी कधी सरकून शेजारी आली ते त्याला कळलंच नाही. तिनं दुसरा कंट्रोलर उचलला होता.

"माझ्या मागून या, बाबा. मी वाट दाखवते."

शिरीषला इतकं हलकं वाटलं की त्याचे डोळे भरून आले, आणि डोळे भरल्यामुळे समोरचं दिसेना, आणि गाडी पुन्हा तळ्यात गेली. दोघी पोटभर हसल्या. तोही हसला. महिन्यात पहिल्यांदाच.

एक डाव झाला, दुसरा झाला. माणसं आरतीला जमायला लागली तरी सतरंजीवरून कुणी उठेना. शेवटी पुजाऱ्यांनी दारातून डोकावून बघितलं आणि ते तसेच मागे फिरले.

"उरलेली शर्यत घरी गेल्यावर पुरी करू," ओवी म्हणाली.

"घरीच करू," शिरीष म्हणाला.

मग त्याची मान आपोआप वळली.

"बुवा... किती झालं?"

बुवांनी मीटरवर हाताचा पंजा ठेवला.

"अजून विचारतोस... मग अजून एक डाव खेळ."