खो येण्याआधी

“आणि उद्याच्या सामन्यात पूर्वाने पुन्हा तसंच केलं तर, आप्पा?”

केदार सरांनी विचारलं. सराव संपवून मुली घरी गेल्या होत्या, मैदानावर हे दोघेच. विश्रामआप्पा फक्कीची पुसट रेघ न्याहाळत उभे होते. सर याच शाळेत शिकत होते तेव्हा त्यांना खो-खो शिकवला तो आप्पांनीच.

“तसंच म्हणजे?”

“खो मिळायच्या आधीच मागे वळते, अर्धी उठते. फाऊल. मागच्या सामन्यात हेच झालं. लोकांनी तेवढाच तुकडा मोबाईलवर फिरवला. पोटभर हसले तिला.”

“मग दाखवू नकोस सामना.”

“असं कसं? शाळेचं पेज काढलं, सामने लाइव्ह दाखवले, तेव्हा कुठं पोरं मैदानाकडे फिरकली. आधी इथं कुत्रं येत नव्हतं.”

एवढं सांगताना सरांची छाती जरा फुगली. पण दम टिकला नाही.

“तिचे वडील म्हणाले, उद्या परत हसं झालं तर खेळ बंद. पोरगी माझ्यासमोर थरथरत होती हो. मला तर आत्तापासूनच धडकी भरलीय.”



आप्पांनी हात पुढे केला. “फोन दे. आणि त्या चौकोनात बस. मी खो देईन तेव्हाच उठायचं.”

सर आप्पांकडे पाठ करून उकिडवे बसले. एवढं काय त्यात, असं त्यांना वाटलं.

मागे सगळं शांत...

आप्पांनी लाइव्ह तर चालू केलं नसेल? म्हातारबाबांचा काय नेम. शर्ट मागून बाहेर आला असेल. वर्गातली पोरं बघत असतील, खिदळत असतील. सरांच्या मानेवर काटा आला.

“आप्पा, चालू आहे का ते?”

...

“आप्पा?”

मागे कोण आहे, काय करतंय, काही कळेना. शेवटी राहवलं नाही. सर अर्धवट उठून वळले.

आप्पा अगदी जवळ उभे होते. हात खो द्यायला पुढे आलेला. फोन सदऱ्याच्या खिशात, बंद.

“फाऊल,” आप्पा म्हणाले.

सर चिडलेच. “तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर मी कशाला वळलो असतो?”

“सामना चालू असताना तू कुठं असतोस?”

“खांबामागे. शूटिंग करतो.”

“पोरींना हाक देतोस?”

“नाही... व्हिडिओत माझाच आवाज येतो, म्हणून मी...”



आप्पांनी फोन सरांच्या हातावर ठेवला.

“मग ती पोर कुणाच्या भरवशावर पाठ करून बसेल?”