व्यालेल्या कुत्रीचा शिरा

एक होतं बेदाण्याचं गाव. घरोघरी द्राक्षबाग आणि जाळ्यांवर वाळत घातलेली द्राक्षं. तिथं एक बागवाली राहायची. तिच्या बेदाण्याची राखण एक काळी कुत्री करायची.

ती कुत्री व्याली. पाच पिल्लं झाली. कुत्री व्याली की तिला शिरा घालायचा, ही आपल्याकडची रीतच. दुसऱ्या गावात नुसता गूळ-रवा. या गावात बेदाण्याला काय तोटा? बागवालीनं शिऱ्यात ओंजळभर बेदाणे टाकले. ते बघून शेजारणीनं दोन ओंजळी टाकले.

"बाळंतीण आहे, दूध उतरायला नको का?" सगळ्या बायका म्हणायच्या.

तिसऱ्या दिवशी कुत्री ओकायला लागली. उठेना, पिल्लांना अंगाशी घेईना. बागवालीनं तिला पिल्लांसकट टोपलीत घातलं आणि तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

"बेदाणे घातले?" सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले. "अहो बाई, एखाद्या कुत्र्याला ते पचतात, एखाद्याचं मूत्रपिंड निकामी करतात. कुणाचं, ते आधी कळत नाही."

"पण आम्ही तर चांगलंचुंगलंच घातलं हो!"

"तुमच्या पोटाला चांगलं. पोट तिचं आहे ना?"

तीन दिवस सलाईन लावलं, पिल्लांना पावडरचं दूध पाजलं. कुत्री वाचली. निघताना डॉक्टर म्हणाले, "आता एक दाणाही पोटात गेला, तर माझ्या हातात काही नाही."

घरी येऊन टोपली टेकते न टेकते, तोच पाटलीणबाई ताट घेऊन हजर. तुपानं थबथबलेला शिरा, वर बेदाण्यांचा थर. बागवालीच्या बागेला पाणी यायचं ते पाटलीणबाईंच्या विहिरीचं. त्यांना नाही कोण म्हणणार? आणि कुत्री तर वासानं शेपूट हलवत उठलेली.

"सर बाजूला. घालू दे तिला."

बागवाली दारात आडवी उभी राहिली. "नको, काकू. बेदाण्यानंच तिची ही गत झाली."

"माझ्या हातचं ताट परत? अगं, सून होऊन आले तेव्हापासून घालतेय. एक तरी कुत्री शिऱ्यानं मेलेली ऐकलीस?"

"कुत्री मेली की आपण ओढून टाकतो, काकू. कशानं मेली, ते कधी कुणी विचारलं?"

पाटलीणबाई ताट घेऊन पायरीवरच बसल्या.

"माझी तांबडी कुत्री गेल्या साली व्याली आणि आठव्या दिवशी गेली," त्या हळूच म्हणाल्या. "अशीच ओकत होती. मी आपली दृष्ट काढत बसले."

त्यांनी डोळे पुसले. "मग हिला घालायचं तरी काय?"

"भाकरी कुस्करायची, त्यात उकडलेलं अंडं. आणि पाणी भरपूर."

पाटलीणबाई ताट घेऊन उठल्या. घरी जाऊन दोन अंडी उकडून स्वतः घेऊन आल्या. आठवडाभरात कुत्रीला दूध उतरलं आणि पाचही पिल्लं लुचायला लागली.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: मायेनं घातलेला घासही बाधतो. दुसऱ्याला भरवण्याआधी त्याच्या पोटाला काय चालतं, ते विचारून घ्यावं.