उजवा पीळ, डावा वळसा

काथ्याची दोरी तुम्ही कधी उलगडून पाहिली आहे का? नसेल, तर ही गोष्ट ऐकल्यावर जरूर पाहा.

एका किनाऱ्यावरच्या गावात दोरी वळणारे एक वृद्ध कारागीर राहत असत. सारे त्यांना आबा म्हणत. कुमुद ही त्यांची शिष्या. एका दुपारी ती धावतच त्यांच्या अंगणात आली. गावच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या तरुणाने तिला लग्नाचे विचारले होते, आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी तिला उत्तर द्यायचे होते.

“मग रडतेस कशाला?” आबांनी विचारले.

“रडत नाही, धावून दम लागलाय. आबा, तो मला फार आवडतो. पण सगळे म्हणतात, काम वेगळं, आवड वेगळी, चार महिन्यांत तुम्हाला बोलायला विषय उरणार नाही. म्हणून पंधरा दिवस मी त्याची भूमिती वाचतेय आणि तो काथ्या वळायला शिकतोय.”

“मग जमतंय का?”

“मला पहिल्या पानावर झोप लागते. त्याच्या तळहाताला फोड आलेत. काल दोघंही एकमेकांवर खेकसलो.”

आबांनी पीळ दिलेले काथ्याचे दोन पेड तिच्यापुढे टाकले. “दोन्हींना उजवा पीळ आहे. आता एकत्र धर आणि उजवीकडेच वळ.”

“पहिल्या दिवशी मी हेच केलं, तेव्हा तुम्ही केवढे ओरडला होतात.”

“आज मीच सांगतोय. वळ.”

तिने वळले. दोरी दिसायला सुबक झाली.

“आता सोड.”

हात सुटताच दोन्ही पेड गरगर फिरून वेगळे झाले.

“आता रोजच्यासारखी वळ.”

तिने तेच पेड पुन्हा उजवीकडे पिळून डाव्या वळशाने एकमेकांभोवती घातले. आबांनी त्या दोरीला होडीचा लहान नांगर बांधून तो अंगणातल्या झाडाच्या फांदीला टांगला. दोरी ताठ झाली, पण सुटली नाही.

आबा म्हणाले, “प्रत्येक पेड आपला पीळ सोडू पाहतो आणि दुसऱ्याभोवतीचा वळसा त्याला तो सोडू देत नाही. दोरीचं सगळं बळ एवढंच. तुम्ही दोघं मात्र आपापला पीळ काढून टाकायला निघालात. तो दोरीवाला असता तरी बिघडलं नसतं, पण तेव्हाही त्याचा पीळ त्याचा आणि तुझा तुझा. माझी बायको सुईण होती. चाळीस वर्षांत काथ्याला तिने हात लावला नाही. पण घरी आली की आधी विचारायची, आज काम कुठे अडलं? आणि मी विचारायचो, बाळंतीण कशी आहे? वळसा म्हणजे हाच.”

“आणि एखाद्या दिवशी विचारायचं राहिलं तर?”

“त्या दिवशी आमटी गार मिळायची.”

कुमुद हसली. मग बराच वेळ ती त्या ताणलेल्या दोरीवरून बोट फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेच्या फाटकाशी गेली, तिने त्या तरुणाला होकार दिला आणि विचारले, “आज वर्गात काय शिकवणार?” घंटा झाली तेव्हा तो अजून सांगतच होता.