घरी घोटलेली शाई

एका छोट्या संस्थानाचा खजिना रोडावला, तेव्हा काही चाकर कमी करायचं ठरलं. दिवाण त्र्यंबकपंतांनी हुकूम काढला, "जे घरून काम करतात त्यांना आधी काढा. डोळ्यांसमोर नाही तो चाकर कसला?"

पहिली गदा सुभानजीवर आली. कचेरीला लागणारी शाई तो नदीपलीकडे आपल्या घरीच बनवायचा, कारण काजळी धरायची म्हणजे धूर आलाच. चाकरी गेली तर घरची चूल विझणार होती. तो थेट दरबारात जाऊन उभा राहिला.

पंत हसले. "काय रे सुभान्या, आज वाट चुकलास? घरी तू शाई घोटतोस की झोपा काढतोस, आम्हाला काय कळणार?"

"खरं आहे, पंत," म्हणत सुभानजी राजेसाहेबांकडे वळला. "सरकार, एक परीक्षा घ्या. उद्यापासून मी शाई न घोटता घरी बसतो. पंतांनीही काम सोडून त्यांच्या घरी बसावं. ज्याच्यावाचून कचेरी आधी अडेल त्याला ठेवा, दुसऱ्याला काढा."

दरबारात खसखस पिकली. राजेसाहेब तर खुलूनच गेले. "झकास! काय पंत, उद्यापासूनच बसता?"

पंतांनी घाईघाईने पगडी सावरली. "छे छे, सरकार! सुभानजींची कसली परीक्षा घ्यायची? जुने, भरवशाचे माणूस ते. मी हुकूम आत्ताच फाडतो."

"आणि घरून काम करणारे बाकीचे?"

"तेही भरवशाचेच, सरकार!"