पोचले का चंद्रावर?

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष रावसाहेब खर्चे यांनी कपाटावर काठी आपटली, तशी माझ्या हातातला शिक्काच खाली पडला.

"या जुन्या विज्ञान कादंबऱ्या रद्दीत घाला! माणूस चंद्रावर जाऊन आला, आता चंद्रप्रवासाच्या गोष्टी वाचतंय कोण?"

"घालते की," ग्रंथपाल कुंदाताई शांतपणे म्हणाल्या. "आधी एक पान तेवढं ऐका."

एका पानाची सात पानं झाली. रावसाहेब कधी खुर्चीत टेकले, त्यांनाही कळलं नाही. अर्ध्या वाटेत यानाचं इंधन संपत आलं, आणि ताईंनी पुस्तक मिटून रद्दीत टाकलं.

"अहो, थांबलात काय? पोचले का ते चंद्रावर?"

"माणूस कधीच पोचला, रावसाहेब. तुम्हीच म्हणालात ना?"

रावसाहेबांनी रद्दीतून पुस्तक उचलून माझ्यापुढे धरलं. "माझ्या नावावर लिही, पोरी. आणि कपाट राहू दे."