वैद्यबुवा, पवळी आणि नदीचा उतार

नदीकाठच्या एका गावात एक वैद्यबुवा राहत होते. नाडी पाहण्यात त्यांचा हातखंडा. मनगटावर बोटं ठेवली की ते डोळे मिटत, आणि तेवढा वेळ घरात कोणी ब्र काढलेला त्यांना खपत नसे.

त्यांच्याकडे पवळी नावाची तांबडी घोडी होती. तिच्यावर बसून ते गावोगाव औषध देत. पण नदी ओलांडायचा उथळ उतार आला की पवळी अडायची. पूर्वी एकदा तिथे तिचा पाय घसरला होता आणि वैद्यबुवा पाण्यात पडले होते. तेव्हापासून पाणी दिसलं की त्यांच्या मुठी आवळल्या जात, लगाम ताणला जाई आणि पवळी जागच्या जागी गोल फिरू लागे. मग चाबूक, आरडाओरडा, आणि शेवटी लांबचा वळसा. पलीकडचे रोगी ताटकळत राहत.

धुणं धुणाऱ्या बाया म्हणत, "बुवा, घोडीलाच एखादं चूर्ण द्या की, अडेलपणावरचं."

एकदा असेच चिडून ते घरी आले आणि पवळीला खरारा करू लागले. हात खरखर चालला होता आणि तोंड त्याहून जोरात.

वैद्यीणबाई ओट्यावर मुळ्या निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, माणसाची नाडी बघताना मला बांगड्यासुद्धा वाजवू देत नाही. आणि हिच्या अंगावर हात ठेवून नुसता बाजार मांडलाय. हिचं दुखणं कसं कळायचं तुम्हाला?"

"अगं, जनावर आहे ते."

"मग नाडी नाही का तिला?"

 दुसऱ्या दिवसापासून वैद्यबुवा मुकाट्याने खरारा करू लागले. मन भरकटलं की पवळी कान मागे पाडी. ते थांबत, श्वास सोडत, पुन्हा मानेपासून सुरुवात करत. हळूहळू त्यांना कळू लागलं की आपला हात घाईत असला की तिची मान ताठ होते, आणि आपण सैलावलो की तीही मोठा सुस्कारा टाकते. मग ते तिला रोज उतारापर्यंत नेऊ लागले. पाण्यात घालत नसत, नुसते शेजारी उभे राहत.

"आज नदीची नाडी बघताय वाटतं," बाया हसल्या. वैद्यबुवाही हसले.

एका सकाळी पलीकडच्या गावचा कुंभार पोहून आला. धापा टाकत म्हणाला, "बुवा, पोर तापानं फणफणलंय. डोळे फिरवतंय. वळशानं गेलात तर हाती लागायचं नाही."

औषधाची पेटी पाठीला बांधून वैद्यबुवा पवळीवर बसले. उतारावर ती थबकली.

"हाणा की तिला," कुंभार कळवळला.

चाबूक हातातच होता. वैद्यबुवांनी तो खाली टाकला आणि तळवा पवळीच्या मानेवर ठेवला. मान शांत होती. धडधड होती ती त्यांच्याच छातीत.

"ती नाही, मीच घाबरलोय," ते पुटपुटले. त्यांनी श्वास सोडला, मुठी उघडल्या, लगाम सैल केला. पवळीने मान खाली घातली, पाणी हुंगलं आणि पाऊल आत टाकलं.

औषध वेळेवर पोटात गेलं. दुपारी पोराला दरदरून घाम फुटला आणि त्याने पेज मागितली.

परतताना वैद्यबुवा खुशीत होते. आता गावभर आपलं नाव होणार, कोण काय म्हणेल, याचाच विचार करत होते. नदीच्या मधोमध पवळी एकदम थांबली. त्यांनी खाली पाहिलं, तर लगाम पुन्हा मुठीत आवळलेला.

"चुकलं बाई," असं म्हणून त्यांनी हात सैल सोडला, आणि पवळी चालू लागली.

तात्पर्य इतकंच: मुक्या जिवाचा विश्वास हवा असेल तर जिथे हात तिथेच मन ठेवावं, आणि काल ठेवलं होतं म्हणून आज विसरू नये.