धृतिमतीच्या दुधीचा शाप

पूर्वी त्रेतायुगाच्या उतरणीला, दंडकारण्याच्या पश्चिमेस, जिथे वैशाखात दगडही तडकतो, तिथे तार्णव नावाचे महातपस्वी ऋषी आपली पत्नी धृतिमती हिच्यासह आश्रम करून राहत होते. ऋषींच्या तपाची कीर्ती स्वर्गापर्यंत. चुलीची काळजी मात्र एकट्या धृतिमतीला. ओढे आटले, कंदमुळे संपली, तेव्हा पर्णकुटीमागचा तिचा दुधीचा मांडवच काय तो आश्रमाला जगवीत होता. तळाशी बारीक भोक पाडून, त्यात दर्भाची वात घालून, तिने प्रत्येक वेलीच्या मुळाशी मडके पुरले होते. तांदूळ धुतलेले पाणीसुद्धा त्यातच जाई. भर दुपारी वेली माना टाकत, सांजेला उचलत. तेवढ्यावर ती दिवस काढी. मडक्यांना हात लावणार नाही, असे वचन तिने पतीकडून अग्नीसमोर घेतले होते.

परंतु तार्णवांनी वरुणदर्शनासाठी अखंड जलधारेचे अनुष्ठान मांडले. धृतिमती मुळांवर अंथरायला पालापाचोळा आणण्यास रानात गेली, आणि इकडे अभिषेकपात्र रिते होऊ लागले. धार तुटली तर जन्माचे तप वाया. ऋषींनी एकूण एक मडके उपसले आणि धार राखली. तत्क्षणी मकरारूढ, पाशधारी, मेघश्याम वरुण प्रकटला.

डोक्यावर भारा घेऊन परतलेल्या धृतिमतीने आधी मांडव पाहिला. सांज झाली होती आणि एकाही वेलीने मान उचलली नव्हती. एक दुधी तेवढा लोंबत होता. ऋषी हर्षभराने सांगू लागले की साक्षात देव दारी आले आहेत, त्यांना नैवेद्य कर. उद्या पर्जन्य येईल, मग हव्या तेवढ्या वेली लाव.

ती देवाकडे वळली. "जलाधिपते, थेंब न् थेंब तुझ्या ओळखीचा. हे पाणी कुणाच्या तोंडचे काढून आणले, ते ठाऊक नव्हते तुला?"

वरुणाने मान खाली घातली. "ठाऊक होते, माते. भक्ताची धार मोडवेना."

"आणि मुनिवर, तुम्ही. सवतीला पाणी दिले असतेत तर मी भांडले तरी असते. देवाला दिलेत, म्हणजे मी भांडूही नये, असेच ना? तर दोघेही ऐका. ज्या वेलीचा घसा कोरडा पाडलात, तिचे फळ तुमच्या घशाला विषासारखे कडू लागो. आणि जिथे जिथे वेल तहानलेली राहील, तिथे तिथे लागो."

तिने तोच दुधी रांधून वाढला. पहिल्याच घासाला वरुणाचे मुख वाकडे झाले, आणि त्रैलोक्याचे पाणी ज्याच्या हाती त्याने तिच्यापुढे हात जोडून उःशाप मागितला.

"देवाआधी चाखू नये, हा तुमचा नियम," ती म्हणाली. "दुधीपुरता तो मी मोडला. घरची बाई आधी चाखेल. तिने गोड म्हटले तरच तुझ्या ताटात."

तेव्हापासून उन्हाळ्यात तहानलेला दुधी कडू निघतो, आणि सोवळ्यातली बाईसुद्धा रांधण्याआधी त्याची एक चकती जिभेला लावून बघते. तोवर देव मुकाट थांबतो. तार्णवांना मात्र त्यांच्या पत्नीने पुढे जन्मभर दुधी वाढला, पण चाखून एकदाही नाही.